कुकरचा नंबर सोडला तेव्हा

आमच्या हदगाव भागात हळद शिजवायच्या कुकरचा नंबर कुणी सोडत नाही. लोक साखरपुडा पुढं ढकलतील, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकलतील, पण कुकर शेतात येऊन उभा राहिला आणि कुणी तो तसाच परत पाठवला, असं मी कधी ऐकलं नव्हतं. मी पाठवला. आजही कुणी खोचून विचारलं तर सांगते, तशी वेळ आली तर पुन्हा पाठवीन.

हळद ज्यांनी फक्त डब्यातच पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. उन्हाळा लागता लागता हळद खणून काढायची, गड्डे बाजूला करायचे, हळकुंडं वाफेवर शिजवायची आणि मग उघड्यावर पसरून खडखडीत वाळवायची. कुकर म्हणजे पाण्याची मोठी टाकी, खाली जाळ आणि बाजूला हळदीची लोखंडी पिंपं. तो भाड्यानं येतो आणि ट्रॅक्टरमागं या शेतातून त्या शेतात फिरतो. सगळ्यांची हळद एकाच वेळी निघते, म्हणून नंबर लावावे लागतात. कच्ची हळद पाल्याखाली झाकून ठेवली तर काही दिवस दम धरते. शिजली की मात्र तिला पंधरवडाभर कडक ऊन लागतं. त्यात पाऊस पडला की रंग उतरतो, आणि रंग उतरलेल्या हळदीकडे बाजारात कुणी ढुंकून बघत नाही.

आता माझं सांगते. नवरा गेल्यावर शेत माझ्या नावावर झालं, पण फक्त कागदावर. गावाच्या मनात ते थोरल्या दिरांचंच झालं होतं. दीर वाईट माणूस नाहीत. नवऱ्याच्या आजारपणात दवाखान्यात तेच बसून होते, ते मी विसरलेले नाही. पण बाईमाणसानं स्वतःच्या जिवावर हळद करायची, हे काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं. त्या साली त्यांनी मला ‘करू दिलं’. हा शब्दही त्यांचाच. पाडव्याला आमच्याकडे शेताचं वर्षभराचं सगळं ठरतं, सालगडी कोण, बटईनं म्हणजे पिकाच्या वाट्यावर शेत कुणाला, सगळं. पाडव्यापर्यंत माझी हळद धड घरात आली तर ठीक, नाहीतर पाडव्यापासून शेत त्यांच्याकडे बटईनं, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं आणि मला निरोप आला.

निरोपच येणार. आमच्या घरात थोरला दीर धाकट्या भावजयीशी तोंडानं बोलत नाही. ती समोर उभी असली तरी तिसऱ्या कुणाला तरी सांगायचं, “तिला सांगा.” नवरा होता तोवर तो मधला माणूस होता. तो गेल्यावर जो हाताशी सापडेल तो मधला. एकदा शेतात कुणीच नव्हतं, तर त्यांनी बैलाकडे बघून सांगितलं, “मोटर बंद करा म्हणावं.” मीही बैलालाच म्हणाले, “केली म्हणावं.” बैल बिचारा कडबा खात होता.

मला हवामानाच्या अंदाजाचा नाद लागला तो त्याच साली. दुसरं कुणी सल्ला देणारं नव्हतं म्हणून म्हणा, किंवा मोबाईल तरी माझ्याशी थेट बोलतो म्हणून म्हणा. सकाळी चहा ठेवला की आधी जिल्ह्याचा अंदाज बघायचा. त्या अंदाजावरही मी कमी चिडलेली नाही. ‘नांदेड जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता.’ अरे, पण हे तुरळक ठिकाण म्हणजे कुठं? हिमायतनगरला, का माझ्या बांधावर? पिवळा इशारा आला की पाऊस येणार असं वाटायचं आणि पडायचं कडक ऊन. पण मी चिडत चिडत वाचत राहिले, आणि हळूहळू कोणत्या शब्दाला किती घाबरायचं ते कळायला लागलं. शिवाय माझी बहीण औशाला दिलेली. लातूरकडचं आभाळ ती फोनवर सांगायची, आणि तिकडं बिघडलं की एक-दोन दिवसांत आमच्याकडे काहीतरी होतंच, हे मी ताडून ठेवलं होतं.

कुकर माझ्या शेतात आला त्या सकाळी अंदाज नारिंगी होता. परवा वादळी वारा, गारपीट. इतके दिवस मी नुसतं पिवळंच बघितलं होतं; नारिंगी म्हणजे त्याच्या वरचा इशारा. मी बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, “इकडं कालपासून लई कोंदून राहिलंय बघ. वारं एकदम पडलंय. मला तर काही बरं दिसंना.”

कुकरवाले चाचा हदगावातले. त्यांच्या घरात बापजाद्यांपासून लोखंडाचं काम, कुकरही त्यांनी स्वतः बनवलेला. ते टाकीखाली लाकडं रचत होते. मी जाऊन म्हणाले, “चाचा, जाळ लावू नका. मला आज शिजवायची न्हाई.”

त्यांनी लाकूड खाली ठेवलं. “भाभी, सोच लो. नंबर गया तो गया. मागं लई लोक लाईनीत हायत. मग पाडव्याच्या तोंडावर येईन मी, उसके पहले न्हाई.”

“चालंल.” पाडव्यापर्यंत ती वाळून घरात येणार नाही हे मला कळत होतं, पण भिजून वाया जाण्यापेक्षा ते बरं.

शेजारच्या बांधावरून दीर आलेच. त्यांनी सगळं ऐकलं आणि चाचांना म्हणाले, “तिला सांगा, आभाळात ढगाचा ठिपका न्हाई. मोबाईलवर शेती होत नसती. नंबर सोडायचा असंल तर मला द्या, माझी काढलेली पडूनच हाय.”

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “द्या त्यांना. आणि सांगा, खळं खोलगट हाय, भोवती चर काढा. ताडपत्र्या आजच आणून ठेवा.”

दीर हसले. कुकर बांध ओलांडून त्यांच्या शेतात गेला, आणि संध्याकाळपर्यंत त्यांची पिवळीधमक हळद खळ्यावर पसरलीसुद्धा. वास माझ्यापर्यंत येत होता. खरं सांगते, तो वास आला तेव्हा माझा धीर सुटायला आला होता.

पण बसून राहणं मला जमलं नाही. रोजानं येणाऱ्या बायांना मी शिजवण्याऐवजी दुसऱ्या कामाला लावलं. उंचवट्यावर पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, अंथरली, त्यावर कच्च्या हळदीचा ढीग केला, वर पाला, त्यावर ताडपत्री, आणि दोर खुंट्यांना आवळून बांधले. ढिगाभोवती चर खणला आणि त्याचं तोंड ओढ्याकडे काढून दिलं. बाया खणता खणता माझी टिंगल करत होत्या. एक म्हणाली, “ताई, गोदावरी वळवून राहिलाव का काय?” मी म्हणाले, “वळवीन. तुम्ही खणा.”

दुसरा दिवस लख्ख. अंदाजात सांगितलेला दिवस तर त्याहून लख्ख. गावात मला ‘हवामान खातं’ म्हणायला लागले. पिठाच्या गिरणीत एकानं विचारलं, “काय वहिनी, आज वाळवण घालावं का?” मी म्हणाले, “घाला, आणि छत्री घेऊन बाजूला बसा.” लोक हसले, मीही हसले. घरी येऊन मात्र मोबाईल असा आपटला की त्याची काच तडकली. तडकल्या काचेतूनही इशारा नारिंगीच दिसत होता, एक दिवसानं वाढवलेला. ढीग मी उचकटला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी बहिणीचा फोन आला. ती ओरडूनच बोलत होती, मागं पत्र्यावर काहीतरी तडतड वाजत होतं. “गारा पडून राहिल्यात! लिंबाएवढ्या!” मी चपला घातल्या आणि शेताकडे निघाले. या वेळी एक-दोन दिवस लागलेच नाहीत, अर्ध्या वाटेतच वारं उठलं. धुळीचा लोट असा आला की समोरचा रस्ता दिसेना. बाया माझ्या आधी पोचल्या होत्या आणि दोर धरून उभ्या होत्या. त्यांना मी बोलावलं नव्हतं.

गारा थोड्याच पडल्या, पण पाऊस असा कोसळला की वरच्या सगळ्या वावरांतलं पाणी बांध फोडून खाली यायला लागलं. माझा चर भरून वाहिला. पाणी ढिगाला शिवलं नाही, ओढ्याकडे निघून गेलं. आणि तेवढ्यात बांधापलीकडून आवाज आला.

“ताडपत्री हाय का तुझ्याकडं?”

दीर होते. आजूबाजूला बाया होत्या, गडी होता, मधला माणूस म्हणून कुणीही चाललं असतं. ते थेट मला म्हणाले. त्यांच्या खळ्यात पाणी शिरलं होतं आणि हळकुंडं बांधाकडे वाहत होती.

माझ्याकडे एक जास्तीची होती. ती घेऊन आम्ही सगळ्या बांध ओलांडून गेलो. गुडघाभर चिखलात उभं राहून जेवढी सापडली तेवढी हळद वेचली, पाट्यांत भरली, झाकली. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. डोळ्यांसमोर हळद वाहून जाताना हात बांधून उभं राहायचं, हे मला येत नाही, मग ती कुणाची का असेना. त्यांची बहुतेक सगळी भिजली होती. नंतर वाळली, पण मातकट झाली.

चाचा म्हणाले होते तसेच पाडव्याच्या तोंडावर आले. ढीग उघडला तर वरची हळद उत्तम होती. खालचा थर मात्र कुजला होता. ओल जिरलेली, हवा खेळली नव्हती, आणि नंबर गेल्यामुळं ढीग फार दिवस झाकून राहिला होता. मी नाकाला पदर लावून कुजकी हळद बाजूला काढली. रडले नाही, पण खूप शिव्या दिल्या, बऱ्याचशा आभाळाला. राहिलेली शिजवली आणि वाळायला घातली.

पाडव्याला दीर आले. बरोबर गावातले दोघे जाणते होते. गुढी उभी होती, मी त्यांना साखरेच्या गाठी दिल्या, चहा दिला. दीर त्या दोघांना म्हणाले, “तिला सांगा, वादळातून वाचवली ते खरं. पण खालचा थर कुजवला, आन् हळद अजून खळ्यावरच हाय. धड घरात आली का? ठरल्याप्रमाणं शेत बटईनं द्यावं.”

दोघांनी माझ्याकडे बघून माना हलवल्या. मी दारातून पुढं येऊन दिरांच्या समोर उभी राहिले. पावसात ते माझ्याशी बोलले होते, आता मी त्यांच्याशी बोलणार होते.

“भाऊजी, तुमची सगळी हळद भिजली. तुम्हाला कुणी म्हणलं का, शेत सोडा म्हणून?”

जाणत्यांपैकी एकानं चहाचा कप खाली ठेवला.

“मागं तुमचं सोयाबीन उगवलंच नव्हतं. त्याच्या आधी कापूस बोंडअळीनं खाल्ला. तेव्हा हे दोघं तुमच्या दारात चहा प्यायला आले होते का? तुमचं बिघडलं की आभाळाचं चुकलं, आन् माझं बिघडलं की बाईचं चुकलं. असं कसं चालंल? माझ्या शेतात चुकायचं असंल तर मी चुकीन. बटईनं देणार न्हाई.”

दिरांनी कपाचा कान धरून ठेवला होता, चहा गार झाला होता. त्यांनी तो खाली ठेवला, टोपी घातली, उठले आणि गेले. ते दोघेही त्यांच्या मागं गेले.

शेत माझ्याकडेच राहिलं. पुढच्या साली मी अंदाज बघितले, चर वेळेत काढला, कुकरचा नंबरही सोडला नाही, आणि तरी माझी निम्मी हळद जमिनीतच कंदकुजीनं गेली. गावाला सगळं माहीत होतं. पाडव्याला मी गुढी उभारली, दार सताड उघडं ठेवलं आणि दुपारपर्यंत वाट बघितली. बटई मागायला कुणी आलं नाही.