धास्तीकाकांची फायबरची गाडी

धास्तीकाका कुठलीही नवी वस्तू बघितली की पहिला प्रश्न एकच विचारायचे, "यात मरण कुठे आहे?" माझ्या लेकीला, मुक्ताला, सायकल आणली तेव्हा विचारलं, मिक्सर घेतला तेव्हा विचारलं. नवा कुकर आणला तेव्हा तर झाकण, रबर, शिट्टी सगळं उलटंपालटं केलं, "हं, इथं आहे," म्हणून शिट्टीच्या भोकाकडे बोट दाखवलं आणि मगच चहाला हात लावला. मी नर्स आहे, मरण मला ड्यूटीवर रोज दिसतं. पण ते कुकरात शोधणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

काका मूळचे नाशिकचे. इथे कुवेतला तेल कंपनीत सेफ्टीचे इंजिनिअर, अठ्ठावीस वर्षं. मंगाफ भागात आमच्या वरच्याच मजल्यावर राहायचे. माझा नवरा साइटवर, पंधरा पंधरा दिवस घरी नाही. मी इथे नवीन आले तेव्हा भाषा येत नव्हती, लेक लहान, लिफ्ट बंद पडली तरी मला रडू यायचं. काकू वरून भाजी पाठवायच्या आणि काका खाली येऊन गॅसची नळी तपासायचे. एकदा म्हणाले, "भीती वाटते ना? वाटू दे. फक्त हाताला काहीतरी काम दे. फडकं घे, पाना घे, नुसती बसू नकोस." मी त्या दिवशी सगळ्या खिडक्या पुसून काढल्या. खरं सांगते, बरं वाटलं.

अशा माणसानं मोटारीमागे ओढून न्यायची कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, घ्यावं, म्हणजे कमालच! कुवेत सोडून निघालेल्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून त्यांनी ती घेतली. पांढरी, गुबगुबीत, कोंबडीच्या अंड्यासारखी. वरचं अर्धं कवच आणि खालचं अर्धं कवच, दोन्ही फायबरची, मधोमध जोडलेली. आत पुढच्या बाजूला बाक, मध्ये छोटा ओटा, आणि मागच्या टोकाला संडासाचं एवढंसं कपाट. काका सांगायचे, "पत्र्याची गाडी गंजते, लाकडाची फुगते. फायबर प्रामाणिक असतं. बिघडलं तर आवाजात कळतं." मग खिशातलं नाणं काढून कवचावर टकटक करत फिरायचे, कान लावून. जिथे आवाज पोकळ येई तिथे पेन्सिलीनं गोल करायचे आणि पुढचा शुक्रवार तिथे घासायला, राळ भरायला.

इथलं ऊन फायबरला खातं. बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते. म्हणून काका दर महिन्याला मेण लावायचे, सगळ्या कवचाला, हातानं. टायर दिसायला नवे असले तरी उन्हानं आतून मरतात म्हणून ते गाडी उभी असतानाही चाकांवर गोणपाट बांधायचे. घासताना उडणारा भुगा त्यांच्या शर्टात जायचा, धुण्यातून काकूंच्या साड्यांत जायचा. "माझ्या अंगाला खाज सुटते आणि ह्यांना समाधान," असं काकू म्हणायच्या. दर वीस किलोमीटरला गाडी थांबवून ते उलट्या हातानं चाकं चाचपायचे, गरम झालीत का बघायला. काकू पुढच्या सीटवरून ओरडायच्या, "माझ्याबरोबर सात फेरे घेतलेत, हिच्याभोवती किती मारणार आहात?"

पण त्यांची खरी पूजा म्हणजे नाक तोलणं. कॅराव्हॅनचा जो दांडा मोटारीला जोडतात त्याला ते नाक म्हणत. निघण्याआधी बाथरूममधला वजनकाटा आणायचे, नाकाखाली विटा रचून त्यावर नाक टेकवायचे आणि आकडा बघायचे. "नाक जड, शेपूट हलकं. जड सामान चाकांच्या पुढे. हे उलटं झालं तर मागची गाडी पुढच्या गाडीला हलवते, आणि मग ड्रायव्हर कितीही शहाणा असू दे." हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की मुक्ता त्यांची नक्कल करायची. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला माहीत होतं.

गेल्या जानेवारीत आम्ही सात-आठ मराठी कुटुंबांनी खैरानला समुद्रकाठी एक बंगला दिवसभरासाठी घेतला, सत्यनारायणाला. पूजेला बसणार काका-काकू. सगळं सामान काकांच्या कॅराव्हॅनमधून जायचं. पाण्याचे सहा मोठे कॅन, शिऱ्याची आणि भाताची पातेली, तांदळाचं पोतं हे सगळं काकांनी पुढे रचलं. नाक तोललं, मान डोलावली, आणि आंघोळीला वर गेले. मी मागून फुलांची पिशवी ठेवायला आत गेले आणि बघते तर काय! चौरंग, कलश, तसबीर, नैवेद्याची भांडी, सगळं मागे. संडासाच्या दाराला टेकून.

आता तुम्हीच सांगा. त्या क्षणी मला वजन आठवलं नाही, किंवा आठवलं आणि मी बाजूला सारलं. देव संडासाला टेकून तासाभराचा प्रवास करणार, हे माझ्या डोळ्यांना बघवेना. वीस मिनिटं होती. पेशंट उचलायची सवय असलेले हात आहेत माझे. एकेक कॅन ओढत मागे नेला, पातेली नेली, पोतं नेलं, आणि देवाचं सगळं पुढे बाकावर स्वच्छ चादर घालून मांडलं. घाम पुसत बाहेर येऊन दार लोटते तोवर काका रेशमी सदरा घालून खाली आले. दाराशी उभे राहून म्हणाले, "काही हलवलं नाहीस ना?"

सांगितलं असतं तर ते पुन्हा सगळं काढणार, पुन्हा तोलणार, तास मोडणार, आणि देव पुन्हा मागे जाणार. मी म्हटलं, "नाही हो काका. झालंय सगळं." त्यांनी दाराला कुलूप घातलं.

मी आणि मुक्ता मोटारीत मागे बसलो, काकू पुढे. सकाळचे नऊ वाजले असतील. शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना वाळू आणि विजेचे खांब. एक मोठा ट्रक आमच्या बाजूनं वेगात पुढे गेला, त्याच्या वाऱ्यानं आम्ही जरा हललो. हललो ते थांबेचना. आधी पाठीला हलकासा धक्का लागला, मग दुसऱ्या बाजूनं. मी मागच्या काचेतून पाहिलं. ते पांढरं अंडं एकदा डावीकडे दिसत होतं, एकदा उजवीकडे, आणि दर वेळी जास्त बाहेर. मोटारीचं बूड कुणीतरी धरून हिसडतंय असं वाटत होतं. मला तेव्हाच कळलं. मोटारीत बसलेल्या चौघांत मला एकटीला कळलं होतं की हे कशामुळे होतंय, आणि माझी मुलगी माझ्या शेजारी होती.

"आई, आर वी फॉलिंग?" मुक्तानं विचारलं. मी तिचा पट्टा घट्ट ओढला.

जन्मभर कुकरात मरण शोधणाऱ्या त्या माणसाचा आवाज मात्र अगदी शांत होता. "मुक्ता, बाळा, डोकं सीटला टेकव. कुणी ओरडू नका." त्यांनी ब्रेकला पाय लावला नाही. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं, जणू काही होतच नाही. शेजारून दुसरी मोटार हॉर्न वाजवत निसटून गेली. काकू पुटपुटत होत्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. वेग उतरला तसं हेलकावणं कमी झालं आणि आम्ही रस्त्याच्या कडेला वाळूत थांबलो, कॅराव्हॅन वाकडी, आम्ही सरळ.

काका उतरले, चार पावलं गेले आणि रेशमी सदऱ्यासकट वाळूत बसले. मी पाण्याची बाटली दिली. तोवर मागून आमच्यातल्या लोकांच्या गाड्या आल्या. भली माणसं! "गाडी हलकी करा, हलकी करा," म्हणत त्यांनी भराभर कॅन आणि पातेली काढून आपापल्या डिकीत टाकली. मीही हात लावला. काका उठून आत डोकावले तेव्हा आत फक्त देव होते, पुढच्या बाकावर, जसेच्या तसे. सामान काढताना कुणीतरी ते पुढे घेतले असतील, असंच त्यांना वाटलं असावं. कुणीतरी म्हणालं, "बघा, देवानंच वाचवलं." पूजा झाली. प्रसादाचा शिरा मी मुक्ताच्या पानात सरकवला.

त्यानंतर काका दोष शोधायला लागले. रोज कामावरून आले की खाली पार्किंगमध्ये. चाकं काढली, बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरलं, आस मापला, दांड्याची प्रत्येक जोडणी भिंग लावून पाहिली. कवच तर इंच इंच वाजवलं. मी चहा घेऊन जायची, आज सांगायचंच असं ठरवून. ते गाडीखालून मान बाहेर काढून म्हणायचे, "सापडत नाहीये गं. अठ्ठावीस वर्षं लोकांचे दोष काढले आणि माझा मला सापडत नाही." मी कप परत घेऊन वर यायची. पहिल्या आठवड्यात भीती होती ती ते रागावतील याची. महिना झाल्यावर भीती होती ती महिनाभर गप्प बसल्याची. त्यांचं बीपी मी मोजायची. वाढतच होतं. गोळी मीच लिहून आणायची डॉक्टरांकडून! लाज वाटते सांगायला.

शेवटी काकांनी ती विकायला काढली, तेव्हा एक केरळी गृहस्थ गाडी बघायला आले, बरोबर दोन मुली. त्यांना ती फार आवडली, मुली बाकावर उड्या मारायला लागल्या. काकांनी त्यांना खाली उतरवलं आणि हात जोडले. "दोष सापडला नाही, याचा अर्थ दोष नाही असा होत नाही. मी नाही देणार." पुढच्याच आठवड्यात त्यांनी गाडी भंगारात नेली. नुसती टाकली नाही, कुणी उचलून वापरू नये म्हणून समोर उभं राहून कापून घेतली. तिकडे चल म्हणून त्यांनी मला विचारलं होतं. मी मुद्दाम कुणाची तरी ड्यूटी मागून घेतली.

मला वाटलं, चला, संपलं. पण काकांनी राजीनामा दिला. अजून दोन वर्षं होती. काकू खाली येऊन रडल्या, "म्हणतात, माझ्या पोरीसारख्या पोरीला आणि तिच्या लेकराला मी मारायला निघालो होतो, आता शेकडो माणसांच्या जिवावर सही कशी करू?" पोरीसारखी पोर म्हणजे मी. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून काकू रडत होत्या आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्याहून वाईट मी आयुष्यात काही केलेलं नाही.

काका-काकू कायमचे नाशिकला निघायच्या आदल्या दुपारी मी वर गेले. घरभर खोकी. काका एका खोक्याला टेप लावत होते. मी भिंतीला टेकले आणि बोलून टाकलं.

"काका, त्या दिवशी सामान मी हलवलं होतं. कॅन, पातेली, तांदूळ, सगळं मागे नेलं. देव संडासापाशी होते म्हणून. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले."

टेप त्यांच्या हातातच राहिली. मला वाटलं आता थोबाडीत बसणार, बसावी. पण त्यांचे ओठ हलत होते. ते हिशेब करत होते. "सहा कॅन... दोन पातेली... पोतं..." आणि चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. "मग नाक उचललंच जाणार! डुलणारच ती! गाडीत काही नव्हतं!" ते स्वयंपाकघराकडे वळून ओरडले, "अगं ए, ऐकलंस का? सापडलं! माझं मोजणं बरोबर होतं!"

काकू बाहेर आल्या. त्यांनी ऐकलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चार महिने?"

"तिला बोलू नकोस," काका म्हणाले. "सांगताना तिची काय अवस्था झाली असेल." त्यांनी बॅगेतून एक पातळ फाइल काढली. स्वतःच्याच गाडीचा अपघात, पण त्यांनी ऑफिससारखा रिपोर्ट लिहून ठेवला होता. 'कारण' या शब्दापुढे जागा कोरी होती. तिथे त्यांनी लिहिलं, "निघण्यापूर्वी सामान हलवलं गेलं. मी फक्त विचारलं, उघडून पाहिलं नाही." खाली सही केली.

"काका, माझं नाव लिहा," मी म्हटलं.

"नाव कशाला?" ते म्हणाले. "उघडून बघणं माझं काम होतं." आणि फाइल खोक्यात ठेवून त्यांनी टेप लावून टाकली.

आता ते नाशिकला असतात. दर शुक्रवारी, मला सुट्टी असते म्हणून, त्यांचा फोन येतो. मुक्ताची चौकशी करतात, तब्येत छान आहे म्हणतात, कधी कधी मोठ्यानं हसतातसुद्धा. काकू मागे कुठेतरी भांडी लावत असतात, आवाज ऐकू येतो, पण त्या कधी फोनवर येत नाहीत. "काकूंना द्या ना," असं म्हणायचं धाडस मला अजून झालेलं नाही. शुक्रवारी फोन वाजला की पहिला विचार हाच, आज काकांच्या ऐवजी काकूंनी 'हॅलो' म्हटलं तर मी काय बोलू?