बिडी सोडण्याची शपथ

गोंदियाकडं, नागऱ्याजवळच्या एका शाळेत मी मास्तर होतो, आणि मास्तरला असते तेवढीच अक्कल मला होती. सरकारची बचतीची मोहीम आली तेव्हा मी ती डोक्यावर घेऊन नाचलो.

थोरल्या बहिणीला मी बाई म्हणत असे. तिच्या आळीत घरोघरी लोक बिड्या वळायचे. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू. दिवसभर वळायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या आणि येताना मजुरीतून दुकानातलं बिडीचंच बंडल घेऊन यायचं. मी साऱ्या आळीला शाळेच्या ओसरीवर बसवलं आणि बिडी सोडायची शपथ घ्यायला लावली. वाचेल ते पोस्टात टाका, अडीअडचणीला कामी येईल, म्हणालो. भाऊजींनी सगळ्यांत आधी हात वर केला. बाईला माझं एवढं कौतुक वाटलं की तिनं त्या दिवशी वडे केले.

वर्ष झालं नसेल, तोच कारखान्यानं पानं देणं कमी केलं. माल पडून आहे, उठत नाही, असं मुनीम सांगायचा. आठवड्यात तीन दिवस काम राहिलं, मग एक.

"आमी ओढनं सोडलं, म्हनून तं काम गेलं नाही ना?" बाईनं विचारलं.

मला हसू आलं. मंदी कशी येते यावर मी पेपरात बरंच वाचलं होतं. "बाई, इथला माल देशभर जाते. एका आळीनं सोडल्यानं काय होते?"

"तिकडंही तुह्यासारखे मास्तर असतीनच ना."

 

पुढं झालं ते त्याच आळीत होऊ शकतं. लोकांनी पोस्टातले पैसे काढले आणि बिड्या विकत घेतल्या. खप वाढला की काम परत येईल म्हणून. खोकल्यानं बेजार झालेले म्हातारेही ओढू लागले. बाई तर दारावरून जाणाऱ्याला थांबवून बिडी द्यायची.

"पैसे कायले फुकून राहिली?" मी चिडून म्हणालो.

"बसून खाल्ले तरी सरतीनच. असे फुकले तं काम तरी येईन."

मला तिचा भयंकर राग आला. त्याहून वाईट म्हणजे, तिचं म्हणणं मला पटत होतं.

काम आलं नाही. पैसे तेवढे संपले. भिलाईकडं मोठं बांधकाम चाललं होतं, तिथं माती वाहायला बाई आणि भाऊजी निघाले. गोंदियाच्या स्टेशनवर मी पोचवायला गेलो. भाऊजी माझ्याकडं पाठ करून बोचक्यावर बसले. गाडी आल्यावर बाईनं पिशवीतून एक बंडल काढून माझ्या हातात ठेवलं. मी जन्मात बिडी ओढलेली नाही, हे तिला ठाऊक होतं.

"ओढत जाय," ती म्हणाली. "इथं कोनी तरी ओढली पाहिजे."

पहिली मी फलाटावरच पेटवली. ठसका लागला, तो थांबेपर्यंत गाडी निघून गेली होती. त्या आळीत पुन्हा कोणी पान कापलं नाही. मी रोज एक बंडल ओढतो, आणि त्यानं काही होत नाही हे मला पुरतं ठाऊक आहे.