बोंडअळीचा फोन लावणारी

‘‘खालून वाचा, आबा. वरचं सगळं त्याचं रडगाणं आहे. काय झालं ते शेवटच्या ओळीत असतं.’’

असं म्हणून ती कंप्युटरच्या पडद्यावर तळाशी बोट टेकवायची. नखाला हळद लागलेली असायची, कारण घरचा स्वयंपाक उरकूनच यायची. चौथीपर्यंत शिकलेल्या मला मास्तरने वरून वाचायला शिकवलं होतं. ते या बाईनं म्हातारपणी मोडलं.

नाव सांगत नाही. ज्यांनी तिला घालवलं, त्यांच्या तोंडी ते पुन्हा जाऊ नये. आमच्याच गल्लीतली सून. माहेर सुलतानपूरकडचं, त्यामुळे ती ‘मला’ म्हणे आणि आम्ही संग्रामपूरकडचे ‘मले’. माझी बायको तिला चिडवायची, ‘‘आली पाह्य मोठी पुण्यावाली.’’ ती म्हणे, ‘‘आजी, पुण्यात मला बी गावंढळच म्हणत्यात.’’

मी आमच्या शेतकरी गटाच्या कापसाच्या गोदामावर चौकीदार. गोदामाला लागून एक खोली, खोलीत जुना कंप्युटर आणि त्याच्यापुढे ती. टेबलावर कोणी चहाचा कप ठेवला की खेकसायची. गटाच्या अध्यक्षांचा कप असला तरी. तिथूनच ती त्यांच्या डोळ्यात खुपायला लागली असं माझं म्हणणं आहे. तुम्हीही गावोगावी अशी माणसं पाहिली असतील. काम चोख, जीभ तिखट. अशा माणसाचं काम लोक वापरतात आणि जीभ तेवढी लक्षात ठेवतात.

कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हा विकणाऱ्यांनी शपथा घेतल्या होत्या, की अळी या पऱ्हाटीला तोंड लावणार नाही. लावलं. गुलाबी अळी बारीक असतानाच बोंडात शिरते, मागचं भोक बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत सडका कापूस. एकदा आत शिरली की वरून कोणतंही औषध मारा, तिला काही होत नाही. विकणारे पुढच्या वर्षी नवं पाकीट घेऊन हसत हजर. त्यांना कोणी जाब विचारला नाही. जाब विचारायचा तो आमच्यासारख्यांनाच.

मग गटाने वावरावावरात सापळे टांगले. त्यात अळीची पाखरं, म्हणजे पतंग, अडकतात. सकाळी बाया ती मोजत आणि फोनवर आकडा दाबत. तिने पायथन नावाच्या कंप्युटरच्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला होता. तो सगळे आकडे गोळा करी आणि पाखरं वाढली की गावातल्या प्रत्येकाचा फोन वाजवी. आज फोन आला तर दोन दिवसांत फवारायचं. नाही आला तर अळी आत आणि आपण बाहेर.

पहिल्यांदा तिने स्वतःच्या आवाजात निरोप भरला, ‘नमस्कार शेतकरी बंधूंनो.’ लोक नमस्कारावरच फोन कापत. तेव्हा ती आमच्या अंगणात आली. माझी बायको तूर निवडत होती.

‘‘आजी, तुम्ही बोला यात.’’

‘‘मी काय बोलू वं? माह्या घरचाच ऐकत नाही माह्यं.’’

‘‘त्याला बोलता तसंच बोला.’’

आणि माझ्याकडे डोळे वटारून बायकोने बोलायला सुरुवात केली, ‘‘सापळ्यात पाखरं वाढले. उद्या सकाळी वावरात जा अन् बोंडं फोडून पाहा. नुसते धुऱ्या-बांधावर बिडी फुकून घरी येऊ नका. समजलं का?’’ तो निरोप पूर्ण ऐकल्याशिवाय एकाही माणसाची फोन ठेवायची हिंमत झाली नाही. चावडीवर लोक मला म्हणत, ‘‘आबा, आज सकाळी बुढीनं आमाले बी झापलं.’’

वैशाखात बायको गेली. ताप आला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. लोक आले, बोलून गेले. मग ही आली. सुपात अर्धी निवडलेली तूर तशीच होती, ती खाली बसून निवडली, डब्यात भरली आणि गेली.

पेरण्या झाल्यावर तिने एकदा विचारलं, ‘‘आबा, फोनमधला आवाज बदलू का?’’

‘‘काऊन? चुकीचं सांगते का ती?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग राहू दे.’’

त्या साली महालक्ष्म्यांना ती माहेरी गेली. जाताना अध्यक्षांना माझ्यासमोर बजावलं, ‘‘पाखरं वाढायचे दिवस हायेत. मी येईपर्यंत कंप्युटरला हात लावू नका.’’ अध्यक्ष हो म्हणाले. आणि ती गेली त्याच दिवशी नवा कंप्युटर आणला! सणाचा मुहूर्त चांगला म्हणे. हार घातला, नारळ फोडला, फोटो काढले. जुना पोत्यात घालून कोणाच्या तरी घरी पाठवला. जुन्यातला प्रोग्राम तेवढा काढून नव्यात टाकला. अध्यक्ष म्हणाले, ‘‘फाईल आली ना? झालं मंग.’’

दुसऱ्या दिवशी सापळे पाखरांनी भरले. बायांनी आकडे दाबले. एकाचाही फोन वाजला नाही. पडद्यावर नुसत्या इंग्रजी ओळी.

मी तिला फोन लावला. मागे आरतीचा गोंगाट.

‘‘आबा, शेवटची ओळ वाचा.’’

‘‘मले इंग्रजी येते का?’’

‘‘अक्षरं येतात ना? औषधाच्या बाटल्यांवर वाचता की!’’

ते खरं होतं. मी चष्मा पुसून एकेक अक्षर सांगू लागलो. एम, ओ, डी, यू, एल, ई. मग एन, ओ, टी. माझं अक्षर अर्ध्यात असतानाच ती म्हणाली, ‘‘कळलं. मॉड्यूल सापडत नाही.’’ तिने मला समजावलं, की आपला प्रोग्राम सगळं स्वतः करत नाही. फोन लावायचं काम दुसऱ्यांनी लिहिलेला तुकडा करतो, त्याला मॉड्यूल म्हणतात. प्रोग्राम उचलून आणला, मॉड्यूल जुन्या घरीच राहिलं.

कंप्युटर विकणाऱ्या दुकानदाराला बोलावलं. त्याने काहीतरी केलं आणि म्हणाला, ‘‘टाकलं. सगळं झालं.’’ पुन्हा चालवलं. पुन्हा तीच ओळ. पुन्हा टाकलं. पुन्हा तीच. तो म्हणाला, ‘‘प्रोग्रामच चुकीचा लिहिला आहे बाईनं.’’ अध्यक्षांनी मान हलवली. मला त्या दोघांच्या डोक्यात ते पूजेचं ताट घालावंसं वाटलं.

मी हे फोनवर सांगितलं, तशी ती म्हणाली, ‘‘आबा, मी निघते.’’

‘‘आज महालक्ष्म्यांचं जेवण हाये पोरी.’’

‘‘जेवतील त्या. बाकीचे हायेत वाढायला.’’

बसा बदलत बदलत ती दुसऱ्या दिवशी पोचली. पिशवी खांद्यावरून न उतरवताच बसली आणि दोन ओळी टाइप करून पाहिल्या. मग दुकानदाराकडे वळली, ‘‘भाऊ, यात पायथन दोन हायेत. तुम्ही मॉड्यूल टाकलं एकात, प्रोग्राम चालतो दुसऱ्यावर. थोरलीच्या चुलीपाशी पीठ ठेवलं आणि भाकर मागता धाकटीला.’’

दुकानदार म्हणाला, ‘‘असं होते कधी कधी.’’

ज्या पायथनवर प्रोग्राम चालत होता, त्यात तिने मॉड्यूल टाकलं. थोड्या वेळाने माझ्या खिशातला फोन वाजला. ‘‘सापळ्यात पाखरं वाढले...’’ मी गोदामात जाऊन उभा राहिलो.

पण मधले दिवस गेले ते गेले. खालच्या अंगाच्या वावरांत अळी आत शिरली होती. लोक चिडले, चिडणारच. गटाची बैठक बसली. अध्यक्ष उठून म्हणाले, ‘‘ऐन वेळी बाई माहेरी गेली, त्याला आपण काय करणार?’’

मी दारातून ओरडलो, ‘‘खोटं बोलू नका. तिनं सांगतलं होतं हात लावू नका म्हणून. मी होतो तिथं!’’

‘‘आबा, तुमी बाहेर बसा. हे तुमचं काम नाही.’’

ज्यांच्या घरी ती फोन वाजवत होती, त्यातला एकही बोलला नाही. नव्या कंप्युटरच्या नारळाचं पाणी प्यायला सगळे होते. तिला महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितलं, पुढे दुकानदार पाहील म्हणाले.

शेवटच्या दिवशी ती सकाळपासून मान खाली घालून बसलेली. मी विचारलं, ‘‘काय चाललं?’’

‘‘लागतील ती सगळी मॉड्यूलं आणि एक पायथन प्रोग्रामच्याच फोल्डरात बांधून देते. कंप्युटर बदलला तरी हे एक फोल्डर उचलून नेलं की झालं.’’

मला संताप आला. तिच्यावरच आला. ‘‘कायले करतं हे? बंद पडू दे! मंग येतील पाय धराले!’’

तिने मान वर केली नाही. ‘‘आबा, फोन अध्यक्षांच्या आवाजात जात नाही. आजीच्या आवाजात जातो. बंद पडला तर लोक काय म्हणतील, अध्यक्ष चुकला? म्हणतील, बुढीनं सांगितलं नाही.’’

मी तिला पाणी आणून दिलं. टेबलापासून लांब, खिडकीत ठेवलं.

मग ती नवऱ्याबरोबर गाव सोडून गेली. पुण्याकडे कुठेतरी आहे म्हणतात.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर गोदामात पुन्हा बैठक झाली. फोन सगळा हंगाम नीट वाजले होते. कंप्युटर मध्ये एकदा बदलला, तरी वाजले. दुकानदाराने ते फोल्डर उचलून ठेवलं, बाकी काही केलं नाही. अध्यक्ष छाती पुढे काढून म्हणाले, ‘‘पाहा, बाई गेली म्हणून काही अडलं का आपलं?’’ आणि माणसं हसली. चांगली, ओळखीची माणसं.

तिच्या खुर्चीवर कोणी तरी सरकीच्या ढेपीचं पोतं ठेवलं होतं. मी उठलो. माझ्याच्यानं उचलत नव्हतं, ओढून खाली पाडलं. धूळ उडाली.

‘‘आबा, काऊन पाडलं?’’ एकानं विचारलं.

मी म्हटलं, ‘‘पोतं जमिनीवर ठेवा.’’