आक्कांच्या नावाचं पाकीट

दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीतही साळवे सरांनी मला कामाला लावलं. त्यांच्या छातीत बुरशी झाली होती. ज्या माणसानं जन्मभर बुरशींची नावं ठरवली त्याच्याच फुप्फुसात ती शिरावी, हे मला सहन होत नव्हतं. सरांना मात्र राग होता तो रिपोर्टचा. त्यात नुसतं 'बुरशी आढळली' असं लिहिलेलं. "कोणती ते विचारून ये," ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून ते म्हणाले, "असं मोघम कसं चालेल..." मी खाली लॅबमध्ये गेले. अजून वाढ पुरेशी झालेली नाही, थांबावं लागेल, असं तिथल्या मुलीनं सांगितलं. नाव चार दिवसांनी आलं, तोवर सर नव्हते. मी गंगापूरच्या कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होते तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीचा, सिंधुआक्कांचा फोन आला. "तुझा सर गेला गं," एवढंच त्या बोलल्या. त्याला आता दीड महिना झाला.

सर वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ पिशवीवाल्या बुरशींना द्यायचे. वाळक्या काटक्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके असतात, आपण त्यांना मळ समजतो. सर तो ठिपका ब्लेडनं कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरत. आत लांबट, पारदर्शक पिशव्या आणि एकेका पिशवीत बहुधा आठ बीजाणू, शेंगेतल्या दाण्यांसारखे ओळीनं बसलेले. पिशवीचं तोंड कसं उघडतं, बीजाणूला आडवे पडदे किती, रंग कोणता, यावरून घराणं ठरायचं आणि मग नाव. लग्न त्यांनी केलं नाही. पुंडलिकनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत पलंगाखाली काटक्यांचे भारे असत, आणि शेजारच्या बायकांची कितीतरी वर्षं समजूत होती की प्रोफेसर असून हा माणूस चुलीवर स्वयंपाक करतो. मी त्यांच्याकडे संशोधनाला आले ती रसायनशास्त्रात जागा मिळाली नाही म्हणून. हे त्यांना माहीत होतं आणि ते अधूनमधून त्यावरून मला चिडवायचेही.

देवगाव रंगारीला आक्कांच्या घरामागं सरपणाचा ढीग असे. एका दिवाळीच्या सुट्टीत त्यातल्या सीताफळाच्या काटकीवर सरांना एक बुरशी मिळाली. ती कुणीच नोंदवलेली नाही याची खात्री करण्यात दोन वर्षं गेली. नव्या जातीला स्वतःचं नाव देत नाहीत, तसा या शास्त्रातल्या लोकांत रिवाजच आहे. सरांनी आक्कांचं दिलं. भाऊ शिकावा म्हणून आक्कांनी चौथीतून शाळा सोडली होती आणि दुसऱ्यांच्या रानात खुरपणीला गेल्या होत्या. सर गावी जाऊन हे सांगून आले. बुरशीशिवाय दुसरं काही मिळालं नाही का, म्हणून आक्का आधी फणकारल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला सांगून मोकळ्या झाल्या.

तो लेख मी टाइप केला. नियतकालिकाला चार पानं हवी होती, मजकुराची एक ओळ पाचव्यावर जात होती. मूळ नमुना कुठल्या संग्रहात ठेवला आहे ती ओळ मी काढून टाकली. कॉलेजच्या कपाटातच तर आहे, सांगायचं काय त्यात, असं मला वाटलं. "तू वाचलंस ना? मग झालं," म्हणून सरांनी न बघता सही केली. संपादकांच्याही ते लक्षात आलं नाही. पण नियम असा की ती ओळ छापली नसेल तर नाव दिलंच नाही असं धरतात. दुसऱ्या कुणी नाव देण्याआधी कळलं असतं तर ती ओळ नंतर छापूनही नाव वाचवता आलं असतं. आम्हाला कळलं ते परदेशातल्या एका संशोधकाच्या पत्रातून. त्याच बुरशीला त्यानं रीतसर वेगळं नाव दिलं होतं आणि आमचं का धरता येत नाही, हे फार सभ्य शब्दांत लिहिलं होतं. सरांनी पत्र वाचून घडी घातली. "बरोबर आहे त्याचं," म्हणाले आणि तासाला निघून गेले. हातानं लिहिलेला मूळ मसुदा त्यांच्याच फायलीत होता, ओळ कुणी गाळली हे त्यांना न कळण्यासारखं नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही... पुढं नोकरी लागली, मुलं झाली, आणि सांगायची हिंमत दर वर्षी कमीच होत गेली. भित्री होते मी, दुसरं काही नाही.

गेल्या रविवारी खोल्या रिकाम्या करायला आक्कांनी मला बोलावलं. निवृत्तीनंतर कॉलेजनं काढून टाकलेला सगळा संग्रह सरांनी घरी आणला होता. कपाटभर कागदी पाकिटं, एकेकात एकेक नमुना. आक्का म्हणाल्या, "माझं कोणतं हाय, ते दाखीव." मी शोधून दिलं. संग्रहातलं जुनं नाव चुकीचं ठरलं तरी खोडत नाहीत. खाली नव्या नावाची चिठ्ठी डकवतात, कारण लिहितात आणि सही करतात. वर आक्कांचं नाव होतं. खाली परदेशी नावाची चिठ्ठी होती, सरांच्या बारीक अक्षरात, आणि आक्कांनी ती मला वाचायला लावली. 'वरील नाव ग्राह्य नाही. नमुन्याचे ठिकाण छापायचे राहिले. चूक माझी.' खाली सही.

आक्कांनी वरच्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे नाव नाय राहिलं. आन् चूक त्याची व्हती व्हय?"

"नाही आक्का. माझी होती. ती ओळ मी काढली."

मला वाटलं त्या रडतील, निदान दोन शब्द तोडून बोलतील. त्यांनी पाकीट माझ्यापुढं सरकवलं.

"मग तसं लिही तिथं."

टेबलावरच्या बाटलीतला डिंक सुकून घट्ट झाला होता. त्यात पाणी घालून मी तो काडीनं ढवळत बसले आणि आक्का समोर बसून राहिल्या. सरांच्या चिठ्ठीखाली बोटभर जागा होती. तेवढ्यात मावेल अशी चिठ्ठी मी कापली, लिहिलं, सही केली, तारीख घातली. डिंक वाळेपर्यंत आक्कांनी ती अंगठ्यानं दाबून धरली.