क्लॅरीचा शंभरावा सामना

माझा धाकटा भाऊ क्लॅरी नॅनकिव्हल हार्बर क्लबकडून राज्याच्या लीगमध्ये शंभर सामने खेळला. क्लबच्या दप्तरात नव्व्याण्णव लिहिलेत. दप्तर चुकलंय. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगतो, आणि आमच्या बंदरावर माझ्या तोंडाला लागायला फारसं कुणी येत नाही.

आम्ही धक्क्यावरचे हमाल. बाप हमाल, मी हमाल, क्लॅरी हमाल. मी तेराव्या वर्षी शाळा सोडली आणि अठराव्या वर्षी दोघांची गोणी एकट्यानं उचलायचो. तसा गडी आमच्या धक्क्यावर पुन्हा झाला नाही. फुटबॉलसुद्धा, म्हणजे आमच्याकडचा हातापायांनी खेळायचा तो, मी क्लॅरीपेक्षा बरा खेळायचो, आई मरेपर्यंत हेच म्हणायची. पण एकोणिसाव्या वर्षी माझा गुडघा गेला. मग माझ्याकडे जे काही होतं ते मी क्लॅरीच्या अंगात घातलं. तो लांबट चेंडू लाथेनं कसा उडवायचा, पुढच्याच्या पाठीवर गुडघा टेकून वरच्यावर कसा झेलायचा, झेलता येत नसेल तर मुठीनं कसा हाणायचा, सगळं माझं. मुठीचं शिकवताना मी त्याची करंगळी मोडली. ती वाकडीच बसली, हुकासारखी. लांबूनसुद्धा ओळखू यायची.

आमच्या क्लबला लोक पाणकावळे म्हणतात. जर्सी काळी, आणि पावसात खेळायची सवय. कपडे बदलायच्या खोलीत लाकडी कपाटांची रांग आहे, प्रत्येक दारावर आकडा, जर्सीवर तोच आकडा. ज्याचे शंभर सामने होतात त्याचं नाव रंगारी येऊन आकड्याखाली लिहितो, पांढऱ्या रंगानं. ते नाव कुणी पुसत नाही. तुम्ही म्हातारे व्हाल, मराल, पण ज्या पोराला तुमचा आकडा मिळेल तो दर शनिवारी तुमचं नाव बघून बूट बांधणार. आमच्या वस्तीत याच्यावर दुसरा मान नव्हता.

क्लॅरीचा आकडा तेवीस. तो काही मोठा खेळाडू नव्हता, खोटं कशाला बोलू. कोचला दुसरं कुणी सापडलं नाही की क्लॅरी. कुणाला ताप आला की क्लॅरी. असं करत करत नऊ हिवाळ्यांत त्याचे नव्व्याण्णव सामने झाले, आणि मग आली छपन्न सालची फायनल. त्या दिवशी कोचनं त्याला विसावा गडी म्हणून बेंचवर बसवलं.

तेव्हा मैदानात अठरा आणि बेंचवर कोट घालून दोन. कुणी मोडला की तो बाहेर, बेंचवरचा आत, आणि बाहेर गेलेला परत यायचा नाही. बेंचवरचा आत गेलाच नाही तर तो सामना त्याच्या नावावर धरत नसत. आणि मैदानात कधीही एकोणीस दिसता कामा नये. समोरच्या कॅप्टनला संशय आला तर तो खेळ थांबवून अंपायरला मोजणी करायला लावतो, आम्हाला शाळेतल्या पोरांसारखं रांगेत उभं करून. एकोणीस भरले, की तोपर्यंत केलेले सगळे गुण पुसले. सगळे. शून्यावर.

त्या दिवशी पाऊस असा, की दुसऱ्या सत्रानंतर काळी जर्सी कुठली आणि लाल कुठली कळेना. सगळे चिखलाचे. शेवटची काही मिनिटं राहिली तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. एकोणिसावा गडी कधीच आत गेला होता. तेवढ्यात आमच्या मर्व्ह पेंगेलीचा पाय मोडला. मर्व्ह म्हणजे आमचा सगळ्यात उंच गडी. पडला तो आमच्या बेंचसमोरच, पण रेषेच्या आत. स्ट्रेचरवाले दुसऱ्या टोकाला होते, आणि चेंडू आमच्या गोलाकडे निघाला होता. कोच ओरडला, "क्लॅरी, जा! जा लेका!"

मी गोलाच्या मागच्या कुंपणाला टेकून होतो, त्यामुळे हे मला दिसलं नाही. मला दिसला तो समोरच्यांचा फटका. उंच उडालेला चेंडू दोन्ही खांबांच्या मधोमध येत होता. सहा गुण. संपलं, असंच मी म्हणालो. पाच-सहा चिखलाचे पुतळे एकदम वर उडाले आणि त्या गर्दीतून एक मूठ निघाली. चेंडूला मूठ लागली, चेंडू खांबांमधून गेलाच, पण हाताला लागून गेला तर सहाऐवजी एकच गुण. भोंगा वाजला. एका गुणानं आम्ही जिंकलो.

त्या मुठीची करंगळी वाकडी होती.

माणसं कुंपणावरून आत पडली. मी क्लॅरीपर्यंत पोहोचलो तोवर कोचनं त्याला कोट चढवून गळ्यापर्यंत बटणं लावली होती. कोच त्याच्या कानाशी म्हणाला, "तू बेंचवर होतास. कळलं?" क्लॅरीनं मान हलवली. सोमवारच्या पेपरात छापून आलं, की ती मूठ रेक्स टॉलमनची. रेक्सही त्या ढिगात होताच. हार्बरचा तो पहिला कप. अजूनही तो एकच.

पुढच्या हंगामाआधी धक्क्यावर क्रेनची साखळी तुटली आणि क्लॅरीचा खांदा गेला. नव्व्याण्णववर गाडी थांबली ती थांबलीच.

पबमधे त्याचं नावच पडलं. "काय नव्व्याण्णव, बायकोनं सोडलं का आज?" "ए, नव्व्याण्णवला एक ग्लास द्या रे, शंभर होऊ देत बिचाऱ्याचे." क्लॅरी हसायचा. मी हसायचो नाही. दोघातिघांचे दात मी त्यापायी हलवलेत. पण खरं काय ते मीही बोललो नाही, कारण क्लॅरीनं मला आईची शपथ घातली होती.

आमच्या धक्क्यावर तेव्हा ॲस्बेस्टॉसच्या गोण्या यायच्या. फाटक्या असायच्या. राखाडी कापसासारखा तो माल जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकमेकांच्या डोक्यावर उधळायचो, पेस्टीवर, म्हणजे मांस भरलेल्या करंजीवर, पडला तर फुंकून खायचो. मीसुद्धा तेवढाच ओढला असेन छातीत. मला काही झालं नाही, माझी छाती घोड्याची आहे. क्लॅरीला ब्याऐंशी साली जिना चढवेना. डॉक्टर म्हणाला, फुप्फुसाच्या अस्तराचा कॅन्सर. औषध काय? औषध नाही. थंडी संपेपर्यंत काढला तर नशीब.

डॉट, म्हणजे त्याची बायको, तिनं पलंग पुढच्या खोलीत आणला. तिथून मैदानाचे दिवे दिसायचे. एका शनिवारी मैदानावर आरडाओरडा चालला होता आणि क्लॅरी माझ्याकडे न बघता म्हणाला,

"हॉरी, मला कपाटावर नाव पाहिजे."

"आता?"

"मग कधी?"

"आणि शपथ?"

"सोडली. जा तू."

मी सरळ क्लबात गेलो. अध्यक्ष कोण, तर रेक्स टॉलमन. पोट सुटलेला, पण माणूस वाईट नाही. मी दार लावलं आणि सांगितलं, "क्लॅरी आत होता. मूठ त्याची होती. तुला ठाऊक आहे."

रेक्सनं चष्मा काढला. "माझी आहे असं मी कधी म्हणालो होतो का? पेपरवाल्यांनी लिहिलं."

"नाही असंही कधी म्हणाला नाहीस."

"खरंय, तसं नाही म्हणालो," तो म्हणाला. "हे बघ हॉरी. तो आत होता, तर आपण एकोणीस होतो. आपण अठरा होतो, तर तो आत नव्हता. दोन्ही कसं देऊ मी तुला? कप काही परत जात नाही, मोजणी समोरच्यांनी तेव्हाच मागायला हवी होती. पण लोक काय म्हणतील? हार्बरनं एकच कप जिंकला आणि तोही चोरून?"

"माझा भाऊ मरतोय, रेक्स."

त्यानं चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाला, "मर्व्हनं कमिटीसमोर सांगावं. आधी त्याला बाहेर नेलं आणि मग क्लॅरी आत आला. एवढं सांगितलं, की उद्या रंगारी बोलावतो. देवाशप्पथ बोलावतो."

मर्व्ह पेंगेली रेल्वेफाटकापलीकडे एकटाच राहायचा. बायको गेलेली. पाय कधी नीट जुळलाच नाही, काठी घेऊन फिरायचा. मी गेलो तेव्हा परसात कबुतरांना मटार टाकत होता. माझं सगळं ऐकून घेतलं त्यानं.

"मला बाहेर नेलं?" तो म्हणाला. "कुणी?"

"कुणी का असेना. नेलं असं म्हणायचं फक्त."

"नाही, नाव सांग ना. म्हणजे मला आभार मानता येतील."

"मर्व्ह..."

"मी तिथेच पडलो होतो, हॉरी. सगळी वस्ती माझ्या अंगावरून नाचत गेली. तुम्ही कप घेऊन पबमधे गेलात. गाणी ऐकू येत होती मला. रिकाम्या बाटल्या गोळा करणारा म्हातारा आला तेव्हा त्याला मी सापडलो. आणि आता मी सांगू, की मला उचलून नेलं? म्हणजे कुणीतरी उचललं असं होईल. मला कुणी उचललं नाही. तेवढं तरी माझं राहू दे."

मी चिडलो, हात जोडले, पुन्हा चिडलो. मी आयुष्यात कुणापुढे हात जोडले नव्हते. मर्व्हनं मटाराचा डबा बंद केला.

"त्याच्याकडे येईन मी," तो म्हणाला. "एक विचारायचंय त्याला. सरळ उत्तर दिलं, तर बघू."

रविवारी दुपारी तो आला. डॉटनं चहा दिला आणि ती आत गेली. क्लॅरीच्या नाकाला नळी होती. छातीचा नुसता पिंजरा राहिला होता, चादर त्याच्यावर टांगल्यासारखी. मर्व्हनं काठी पलंगाला टेकवली.

"फार वाळलास रे."

"तू फार जाडजूड झालास का?" क्लॅरी म्हणाला. दोघं थोडे हसले. त्यात क्लॅरीला खोकला आला, तो थांबेपर्यंत मर्व्ह चहा ढवळत बसला. साखर नव्हती त्यात, तरी ढवळत होता.

"क्लॅरी, एवढंच सांग. त्या दिवशी मी पडलो होतो, ते तू बघितलंस का?"

मी मर्व्हच्या मागे उभा होतो. मी क्लॅरीला डोळ्यांनी खुणावलं, मान हलवून नाही, नाही केलं. चिखल होता, पाऊस होता, कुणालाही पटलं असतं. एक शब्द. कपाटावरचं नाव त्या एका शब्दावर होतं, आणि ते क्लॅरीला माझ्याइतकंच कळत होतं.

तो खिडकीबाहेर मैदानाकडे बघत राहिला. मग म्हणाला,

"बघितलं. तू हात वर केला होतास. मी तुझ्यावरून उडी मारली."

मर्व्हनं कप बशीत ठेवला. आवाजसुद्धा झाला नाही.

"बायको विचारायची," तो म्हणाला. "मी सांगायचो, पाऊस होता, क्लॅरीला दिसलं नसेल. ती म्हणायची, हो, नसेल दिसलं." काठी घेऊन उठला आणि गेला. फाटकापर्यंत काठीचा आवाज येत होता.

मी क्लॅरीवर ओरडलो. मरणाऱ्या माणसावर ओरडलो. "गाढवा, नाही म्हणायला काय झालं होतं?"

"त्याला ठाऊकच होतं रे," क्लॅरी म्हणाला. "माझा बूट त्याच्या कानाला लागला होता." मग म्हणाला, "नाव गेलं ना, हॉरी?"

"गेलं," मी म्हणालो.

त्यानं तोंड भिंतीकडे केलं. गुरुवारी सकाळी तो गेला. शेवटचे दोन दिवस त्याला श्वास असा घ्यावा लागत होता, जसा एखादा पाण्याखालून वर यायला बघतोय. ते मी इथे जास्त लिहीत नाही.

आमच्यात शंभर सामनेवाला मेला की क्लब त्याच्या पेटीवर जर्सी पांघरतो. क्लॅरीच्या पेटीवर डॉटच्या अंगणातली फुलं होती. चहापाण्याला मात्र क्लबनं खोली दिली, तीच कपाटांची खोली. सँडविच, बीअर, ओले कोट. रेक्स उभा राहिला आणि बरं बोलला. म्हणाला, क्लॅरीसारखी माणसं होती म्हणून हा क्लब उभा आहे. म्हणाला, "नव्व्याण्णव सामने तो या जर्सीत..."

मागून काठी आपटली.

"शंभर," मर्व्ह म्हणाला.

तो येईल असं मलाही वाटलं नव्हतं.

"शंभर, रेक्स. मी खाली पडलो होतो. हा माझ्यावरून उडी मारून गेला, मी रेषेच्या आत असताना. हात केला तरी थांबला नाही. त्यानंच चेंडू मारला. मोज."

रेक्सचं तोंड उतरलं. "मर्व्ह, तू काय बोलतोयस कळतंय का तुला?"

"कळतंय. एकोणिसातला एक मी होतो."

कुणीतरी शिवी दिली. कुणीतरी दार आपटून गेलं. डॉट रडत होती, ते कशासाठी, ते मी विचारलं नाही. मर्व्हनं एक सँडविच उचललं, उभ्यानंच खाल्लं आणि निघाला. मी त्याला दारापर्यंत पोहोचवायला गेलो, तर म्हणाला, "तुझ्या भावासाठी नाही बोललो मी." मी म्हणालो, "ठाऊक आहे."

कमिटी बसली, पण काही झालं नाही. दप्तरात नव्व्याण्णव आहेत, कप काचेत आहे, त्याखाली रेक्सचा फोटो आहे. तेवीसच्या कपाटावर क्लॅरीच्या आधीच्याचं नाव आहे आणि नंतरच्याचं आहे. कमिटीतली अर्धी माणसं माझ्याशी बोलत नाहीत. मला त्याचं काही नाही. त्यांच्यातल्या एकालाही ती गोणी एकट्यानं उचलता आली नसती.

शनिवारी मी आणि मर्व्ह पबमधे एकाच बाकावर बसतो. फारसं बोलत नाही. कधी एखादा अर्धवट प्यालेला ओरडतो, "तो तुझा भाऊ काय रे, हॉरी, नव्व्याण्णव?" मी उत्तर द्यायच्या आत मर्व्ह मान वळवतो.

"शंभर," तो म्हणतो. "शंभरावा माझ्या अंगावरून गेला."

आवाज खाली न करता म्हणतो. मी त्याला खाली कर असं सांगत नाही.