साबणाचा वास

आमच्या काटेवाडीतल्या गुरांच्या डॉक्टरबाईंबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. बाई गोठ्यात आल्या की आधी जनावराशी बोलतात, मग मालकाशी. आनंद झाला की "बघा, बघा आबा!" म्हणत माझा दंड धरून हलवतात.

माझी शेळी पहिल्यांदाच व्याली, तेव्हा मी हौसेनं करडाला साबण लावून गरम पाण्यानं धुतलं. मग शेळी त्याला ढुशा देऊन हाकलू लागली. करडू दुधावाचून मान टाकायला लागलं. मी डेअरीवर चारचौघांत सांगून टाकलं, "बाईंनी काल दिलेल्या इंजेक्शननं शेळी बिघडली."

तरी बाई आल्या. करडू हुंगून खदाखदा हसल्या.

"आबा, अंघूळ घातली व्हय? व्याल्यावर आईच्या मेंदूत ऑक्सिटोसिन नावाचं मायेचं रसायन सुटतं. त्याच घडीला ती पिल्लाचा वास ध्यानात ठेवती. तुमी तो वासच धुतला!"

हातमोजा घालून त्यांनी शेळीच्या प्रसूतिमार्गात हलका दाब दिला. "आता मेंदूला वाटंल, पुन्हा व्याली." मग नुकत्याच पडलेल्या वारेचा ओलावा करडाला चोळला. शेळी थबकली, हुंगली आणि चक्क चाटायला लागली! "बघा, बघा आबा!" आम्ही दोघं पोरांसारखे नाचलो.

डेअरीवर लोकांनी इंजेक्शनवरून बाईंना छेडलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "शेळीची पहिलीच येळ हाय." माझ्या साबणाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

आजही त्या येणार असल्या की मी ठरवतो, आज माफी मागायचीच. शेळीशी बोलून त्या माझ्याकडं वळतात, आणि मी म्हणतो, "बाई, हात धुवायला साबण देऊ?"