दंडावरचं बटण

पिंपळीच्या रामहरीतात्यांना दुसऱ्याचं बरं बघवत नसे, आणि ही गोष्ट ते स्वतःही नाकारत नसत. कुणाच्या डाळिंबाला बहर चांगला लागला की दुखायचं यांच्या पोटात. पण बांधाला बांध लागून असलेल्या बाजीरावांवर ते जेवढे जळले, तेवढे कुणावरच जळले नाहीत. तेही कशापायी? तर दंडावरच्या एका बटणापायी!

दोघांनाही साखरेचा आजार. बाजीरावांची लेक करुणा पुण्याला दवाखान्यात नोकरीला. तिनं बापाच्या दंडाला रुपयाएवढं गोल यंत्र चिकटवलं. सारखी बोटं टोचायची कटकट गेली. साखर किती वाढली ते बापाच्या मोबाईलवर दिसायचं आणि तिथून थेट लेकीच्या मोबाईलवर जायचं. बाजीरावांनी टपरीवर बसून भजी हाणली, की थोड्या वेळानं फोन वाजलाच म्हणून समजा.

“आबा, काय खाल्लं? खरं सांगा.”

“लय छळती बघा पोरगी. सुखानं घास गिळू देत न्हाय,” बाजीराव सगळ्या टपरीला ऐकू जाईल असं कुरकुरायचे. कसली कुरकुर! चेहरा नुसता फुललेला असायचा. तात्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तात्यांचा ज्ञानेशही पुण्यातच. पण त्याचा फोन यायचा सणासुदीला, तोही आईला. तात्यांनी हट्ट धरून त्याच्याकडून तसलंच यंत्र मागवलं. एका रविवारी तो आला, यंत्र चिकटवलं, मोबाईल जोडून दिला, जेवला आणि गेला. जाताना एवढं बोलला, “साखर लय वाढली की माझ्या मोबाईलवर घंटा वाजंल.”

तात्या त्या घंटेची वाट बघू लागले. पण बायकोच्या, म्हणजे छबूबाईंच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीनं आणि मेथीच्या भाजीनं साखर मेली जागची हलेना. मग फोन कशाला येतोय!

शेवटी तात्या बाजीरावांना घेऊन कन्हेरीच्या गुऱ्हाळावर गेले. तिथं त्यांनी वाटीभर गरम काकवी घशात ओतली आणि वर आणखी वाटी मागितली.

“तात्या, जीव जड झालाय का?” बाजीराव ओरडले.

तात्यांनी दुसरी वाटीही संपवली आणि मोबाईल मांडीवर घेऊन बसले. घसा कोरडा पडला, डोकं जड झालं, तरी उठेनात. अखेर फोन वाजला. ज्ञानेशच! तात्यांचा ऊर भरून आला.

“तात्या, मशीनमध्ये फॉल्ट दिसतोय. कायबी आकडा दाखवतंय. दुसरं कुरिअरनं पाठवतो. ठेवतो, मीटिंगमध्ये हाय.”

कसं काय हाय, एवढंसुद्धा त्यानं विचारलं नाही. तात्या बंद झालेला फोन कानाला तसाच धरून बसले.

“काय म्हणाला वो पोरगा?” बाजीरावांनी विचारलं.

“लय वरडला,” तात्या म्हणाले. “काकवीला परत हात लावाल तर बघा, म्हणाला.”